मागचा डावा पाटा

माझा भाऊ भर रस्त्यात गाडी थांबवायचा. सिग्नल नाही, गिऱ्हाईक नाही, गाय आडवी आलेली नाही, तरी थांबायचा. खाली उतरायचा, मागे जायचा, माल भरायच्या हौद्यात डोकावायचा, परत येऊन बसायचा आणि गाडी सुरू करायचा. मागच्यांनी हॉर्न वाजवून कान फोडले तरी याच्या चेहऱ्यावर काही नाही. विचारलं तर म्हणायचा, "आवाज आला."

गाडी म्हणजे आमची जुनी पिकअप. उत्तनच्या बंदरावर मासळी उचलायची आणि डोंगरी, राई करत भाईंदरच्या मार्केटात पोचवायची, एवढाच तिचा जन्म. मी लग्न होऊन मीरा रोडला आले, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये, त्याला आता तीस वर्षं होत आली. शाळेच्या ऑफिसात नोकरी केली, तिथलं मराठी बोलायला शिकले, बिल्डिंगमध्ये हिंदी, वाण्याकडे मोडकं गुजराती. पण राग आला की माझी माहेरची, राईची भाषा आपोआप तोंडात येते, आणि राग मला वरचेवर येतो. घरातले म्हणतात, हिला 'हाय-न्हाय' सुरू झालं की आपण बाल्कनीत जावं.

तर आईचा फोन आला. आई राईला भावाकडेच असते. इकडचं तिकडचं काही न बोलता म्हणाली, "तुझा भाव येडा झालाय. रस्त्यात थांबतो, आता तर लयच. माल उशिरा जातो, मार्केटातल्या बाया मना सांगतात. तू बोल त्याच्याशी, तुझं ऐकतो तो."

माझं तो कधीच ऐकत नाही. पण आईने आजवर त्याच्याबद्दल माझ्याकडे तक्रार केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि सकाळीच त्याच्या शेजारी केबिनमध्ये जाऊन बसले. त्याने एकदा बघितलं आणि गाडी सुरू केली. उत्तनहून माल भरून निघालो. डोंगरीच्या अलीकडे खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि मागून आवाज आला, धब्ब, कुणीतरी लाकडी ओंडका लोखंडावर टाकावा तसा. भावाने कचकन ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध. तो दार उघडून उतरला, आणि मी आरशात बघतेय तर मागून पाण्याचा टँकर येतोय. त्या टँकरवाल्याने कसा कट मारला देव जाणे. भावाच्या शर्टाला वारा लागेल इतक्या जवळून गेला आणि जाता जाता आईबहिणीचा उद्धार करून गेला.

भावाने तिकडे बघितलंसुद्धा नाही. तो हौद्याच्या मागच्या डाव्या कोपऱ्याकडे बघत उभा होता. तिथे बर्फाची पेटी होती, तिच्यावर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर कुणीही नव्हतं. थोडा वेळ बघून तो परत आला आणि गाडी सुरू केली.

"ह्ये काय व्हतं?" मी म्हटलं.

"आवाज आला, ताय."

"पाटा आपटला, मेल्या. गाडी खिळखिळी झालीय, दुसरं काय."

"म्हाईत हाय मना," तो म्हणाला.

पुढे राईपर्यंत आणखी कितीदा तरी तो आवाज झाला आणि प्रत्येक वेळी तो थांबला, उतरला, बघून आला. मी तोंड उघडायचं बंद केलं. त्या कोपऱ्यात तो कुणाला शोधतोय ते मला कळलं होतं. मलाही मान वळवून मागच्या काचेतून बघावंसं वाटत होतं, आणि मी मुद्दाम समोर बघत राहिले.

तो कोपरा बाबांचा.

बाबा तांडेल होते, आमच्या होडीचे कप्तान. होडीवर तांडेल मागच्या टोकाला सुकाणूपाशी बसतो आणि इंजिनवाला खाली इंजिनाजवळ. वरचं खाली ऐकू येत नाही, इंजिनाचा दणदणाट असतो. म्हणून बाबा बांबूचा दांडका फळीवर आपटून सांगायचे. एक आपटला की थांब. दोन आपटले की चल. आम्ही लहानपणी घरातही तेच करायचो. आई बोलायला लागली की भाऊ बसायच्या पाटावर एकदा मूठ आपटायचा आणि मार खायचा.

पुढे खाडीत मासळी राहिली नाही. जाळ्यात गाळ आणि पिशव्याच यायला लागल्या. बाबांनी होडी विकली, ही पिकअप घेतली, भावाला चालवायला बसवलं. स्वतः मात्र केबिनमध्ये एकदाही बसले नाहीत. तांडेलाची जागा मागे, म्हणून ते हौद्यात, मागच्या टोकाला, डाव्या कोपऱ्यात बर्फाच्या पेटीवर बसायचे. हातात तोच बांबूचा दांडका. एक आपटला, भाऊ थांबणार. दोन आपटले, भाऊ निघणार. मार्केटातली पोरं हसायची, म्हाताऱ्याने रस्त्यात होडी घातलीय म्हणून. हवालदाराने एकदा हटकलं, मागे माणूस बसवायचा नाही म्हणून, तर बाबांनी त्यालाच विचारलं, मग सुकाणू कोण धरणार.

आणि गाडीत माल भरायचे तोही होडीसारखाच. होडीचं पुढचं टोक हलकं राहिलं तर लाटेवर चढतं, म्हणून वजन मागे. भाऊ उजवीकडे बसतो, म्हणून तोल सांभाळायला वजन डावीकडे. मासळीचे सगळे जड टब, सगळा बर्फ आणि वर बाबा स्वतः, असं सगळं मागच्या डाव्या कोपऱ्यात. गाडीला लाटा लागत नाहीत, हे त्यांना सांगणार कोण? मी सांगितलं होतं एकदा. "तू शालेत जा," म्हणाले.

पाटे ज्यांनी बघितले नसतील त्यांना सांगते. हौद्याखाली, चाकाच्या वर, लोखंडाच्या पट्ट्या एकावर एक ठेवून बांधलेल्या असतात, धनुष्यासारख्या वाकलेल्या. ओझं पडलं की त्या सरळ होतात, ओझं उतरलं की पुन्हा वाकतात. आमच्या डाव्या बाजूच्या पट्ट्या पुन्हा वाकायचंच विसरल्या होत्या. वर्षानुवर्षं मिठाचं, बर्फाचं पाणी गळून गंजल्या होत्या. गाडी रिकामी उभी असली तरी डावीकडे मागे बसलेली दिसायची. जरा खड्डा आला की चाकांचा लोखंडी दांडा, एक्सल, वर येऊन गाडीच्या सांगाड्याला, चॅसीला आपटायचा. धब्ब. अगदी बांबूचा दांडका आपटल्यासारखा.

बाबा गेले ते त्याच कोपऱ्यात, त्यालाही आता काही वर्षं झाली.

उत्तनहून भाऊ माल घेऊन निघाला तेव्हा ते पेटीवर बसले होते, चांगले बोलत होते, बंदरावर एकाशी बर्फावरून भांडलेसुद्धा. मार्केटात गाडी लागली तेव्हा तसेच बसलेले, कठड्याला टेकून, मान छातीवर, दांडका मांडीवर. भावाने हाक मारली. उत्तर नाही. हाताला हात लावला, तर गार. पण बर्फावर बसणाऱ्या माणसाचा हात रोजच गार असायचा. बाया म्हणाल्या, म्हाताऱ्याला डोळा लागला, झोपू दे. त्यांच्या अंगावरून, बाजूने, एकेक टब उतरवला. शेवटी बर्फाची पेटी उतरवायची म्हणून भाऊ त्यांना उठवायला गेला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. रस्त्यातच कुठेतरी गेले.

रस्त्यातच कुठेतरी. हे दोन शब्द डॉक्टर सहज बोलून गेले आणि आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसले. मी त्यानंतर रिक्षाने राईला जायचे तर प्रत्येक वळण बघायचे. इथे का? या पिंपळापाशी का? की त्या मिठागराजवळ? एखाद्या ठिकाणी उगाच अंगावर काटा यायचा आणि वाटायचं, इथेच. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी यायचा.

आणि भावाचं तर वेगळंच. दहाव्याच्या दिवशी, पिंडाला कावळा शिवायची वाट बघत आम्ही उभे होतो. कावळे झाडावर बसून होते, खाली येत नव्हते. तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "डोंगरी सोडल्यावर एक दणका आला व्हता, ताय. मना वाटला पाटा आपटला."

एवढंच. मी त्याच्याकडे बघेपर्यंत कावळा आला, सगळे हात जोडायला लागले. पुन्हा त्या विषयावर तो कधी बोलला नाही. फक्त गाडी थांबवायला लागला. पाटा वाजला की बघून यायचं, बाबा आहेत का, बाबांनी थांब म्हटलं का. जे त्या दिवशी केलं नाही, ते तो रोज करत होता.

मला हे सगळं त्या टँकरच्या दिवशी लख्ख कळलं आणि मी ठरवलं की पाटा बदलायचा. माझा हिशेब सरळ होता. आवाज गाडीचा. गाडी दुरुस्त केली की आवाज जाईल. आवाज गेला की याला पटेल, त्या दिवशीसुद्धा पाटाच होता, बाबा नव्हते. मग हा थांबणार नाही आणि एखाद्या टँकरखाली येणार नाही.

भावाला सांगितलं तर म्हणाला, "पाटा बदलायचा न्हाय."

"का?"

"न्हाय म्हंजे न्हाय. गाडी माझी हाय."

आईकडे गेले. वाटलं, ती तरी साथ देईल. आई दारात उभी राहून अंगणातल्या गाडीकडे बघत होती. गाडी नेहमीसारखी डावीकडे कललेली. आई म्हणाली, "राहू दे बाय. तो हाय बसलेला. बसू दे."

माझं डोकं फिरलं. आईच मला म्हणते तू बोल त्याच्याशी, आणि आता दोघंही एका गंजलेल्या लोखंडात म्हाताऱ्याला धरून बसलेत. आणि खरं सांगायचं तर आई तसं म्हणाली तेव्हा मीही त्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि मलाही गाडी कुणीतरी बसल्यासारखीच दिसली. त्याचाच जास्त राग आला. मी ओरडले, "आनि उद्या ह्यो टँकरखाली गेला की ह्याला कुठल्या कोपऱ्यात बघशील?"

आई आत निघून गेली. भाऊ पायरीवर बसून होता. मग चावी माझ्या पुढ्यात ठेवली. "चल कुठं जायाचं तिथं," म्हणाला.

काशिमिऱ्याच्या बाजूला हायवेलगत एक पाट्यांचं काम करणारा गॅरेजवाला आहे. बिल्डिंगमधल्या टेम्पोवाल्याने सांगितलेला. त्याने गाडी बघितली, खाली वाकला आणि हसायलाच लागला. "मॅडम, ये पाटा तो कब का बैठ गया. आप लोग इसपे चल कैसे रहे थे?"

जॅक लावला, चाकं काढली. भाऊ रस्त्याच्या कडेला एका टायरवर गाडीकडे पाठ करून बसला. मीच आपली साडी सावरून गाडीखाली डोकावत होते. गॅरेजवाल्याने दाखवलं, एक्सल वर येऊन जिथे आपटतो तिथे रबर असायला हवं, ते कधीच उडून गेलंय. चॅसीच्या लोखंडाला खळगा पडलेला, आतून चकचकीत. इतकी वर्षं आपटून आपटून घासलेला. "यहीं मारता है. इसका आवाज पूरी गाडी में घूमता होगा."

"सगळीकडे?" मी विचारलं. "मतलब खड्डा हो ना हो?"

"चलती गाडी में कहीं भी बजेगा, मॅडम. जरा सा हिला कि बजा."

मला इतकं बरं वाटलं की त्या माणसाला चहा पाजावा. मी भावाला हाक मारली. "इकडं ये. बघ हा खळगा. हात लाव." तो उठून आला. खळग्यात बोट घातलं, फिरवलं. बोट काळं झालं, ते पँटला पुसलं. "हां," म्हणाला आणि परत टायरवर जाऊन बसला. मी मनात म्हटलं, बसू दे. उतरेल हळूहळू डोक्यात.

गॅरेजवाला म्हणाला, जुन्या पाट्यांना भट्टीत घालून पुन्हा कमान देता येईल, पण लोखंडात आता जीव नाही, परत बसतील. त्यापेक्षा जाड पट्ट्यांचा नवा सेट टाका, त्यात एक पट्टी जास्तीची. दोन्ही बाजूंना, नाहीतर गाडी उलटीकडे कलेल. बुश नवे, शॉकअप नवे, आपटायच्या जागी नवं रबर. आणि माल कोपऱ्यात रचू नका, चाकांच्या वर येईल असा ठेवा. मी म्हटलं, टाका सगळं.

जुना डावा पाटा बाहेर काढून त्याने जमिनीवर ठेवला. तो जवळजवळ सपाट झाला होता, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये गंजाबरोबर माशांचे खवले चिकटलेले. वाळून पांढरे झालेले. बाबांच्या वेळचे असतील, नंतरचे असतील, कुणाला माहीत. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

काम संपलं. गॅरेजवाल्याने जॅक सोडला, गाडी हळूहळू चाकांवर आली. आणि सरळ उभी राहिली. मागचा डावा कोपरा वर आलेला. मी ती गाडी इतक्या वर्षांत सरळ कधी बघितलीच नव्हती. कोपऱ्यातून कुणीतरी उठून उतरून गेल्यासारखी दिसत होती. मी भर दुपारी, हायवेच्या धुळीत, इकडे तिकडे बघितलं. खरंच बघितलं. कुणी म्हातारा दांडका घेऊन चालत निघालाय का. अशी मूर्ख बाई मी.

राईला पोचलो तेव्हा आई दारात होती. तिने गाडी बघितली. मागून गेली, डाव्या कोपऱ्याच्या कठड्यावर हात ठेवला. कठडा आता तिच्या खांद्याला लागत होता. भावाला विचारलं, "उतरला का रं तो?"

भाऊ म्हणाला, "हां आय. उतरला."

आईने मान हलवली आणि भात टाकायला गेली. त्या रात्री ती जेवली नाही, असं वहिनीने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहिला माल होता आणि मी पुन्हा केबिनमध्ये हजर. मला बघायचंच होतं. उत्तनला भावाने टब भरून घेतले, या वेळी गॅरेजवाल्याने सांगितले तसे, चाकांच्या वर, दोन्हीकडे सारखे. मागचा डावा कोपरा रिकामा राहिला. निघालो. पहिला खड्डा आला, मी जीव मुठीत धरला. चाक खाली गेलं, गाडी जराशी झुकली आणि वर आली. आवाज नाही. दुसरा खड्डा, आवाज नाही. डोंगरीच्या अलीकडचा तो टँकरचा खड्डा आला आणि गेला. भाऊ थांबला नाही. मी त्याच्याकडे बघून हसले. "बघितलंस? पाटाच व्हता. मी सांगत नव्हते?"

तो समोर बघत चालवत होता.

"इतकी वर्षं जीव खाल्लास स्वतःचा. आमचा पण. बाबा बिचारे झोपेतच गेले असतील, काय कळलंही नसेल त्यांना. आनि तू त्या लोखंडाच्या नादाला लागून..." माझा तोंडाचा पट्टा सुरू झाला की थांबत नाही. आनंद झाला की जास्तच. मी बोलत होते आणि डोंगरी मागे पडली. पुढचा रस्ता मोकळा, सपाट, दोन्ही बाजूंना झुडपं आणि पलीकडे मिठागरं. तिथे भावाने सिग्नल दिला, गाडी सावकाश कडेला घेतली आणि थांबवली. इंजिन बंद केलं.

मी बोलायची थांबले. आवाज काहीच झाला नव्हता.

"आता काय झालं?"

"इथं," तो म्हणाला.

"इथं काय?"

"इथं दणका आला व्हता. त्या दिवशी."

मी खिडकीतून खाली बघितलं. रस्ता सपाट होता. मला ते मान्य करायचं नव्हतं. मी म्हटलं, "मग असेल तेव्हा खड्डा. नाहीतर तो पाटा तसाही वाजायचा, गॅरेजवाला म्हणाला ना, चालत्या गाडीत कुठेही वाजेल."

"एक वाजला," तो म्हणाला. "मी थांबलो, ताय."

"थांबलास?"

"थांबलो. इथंच. बाबानं थांब म्हटला तर थांबायलाच लागतं ना. ब्रेक मारला, गाडी उभी केली. दाराला हात घातला. उतरनार, तवर दोन वाजले."

मला अजून कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं.

"गाडी उभी व्हती, ताय," तो म्हणाला. "उभ्या गाडीत पाटा वाजतो का?"

बाहेर एक बस गेली, गाडी हलली आणि स्थिर झाली. आवाज न करता.

"मंग मी निघालो. दोन वाजले म्हंजे चल. मना वाटला, काय तरी सांगायचं असंल, मंग ऱ्हाऊ दे म्हटलं असंल. मी उतरून बघितला न्हाय. पुढं किती रस्ता हाय, बघ की. राई, मुर्धा, सगला. तेवढ्या रस्त्यात मी त्याला तसा नेला." त्याने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते आणि हातांकडे बघत होता. "आपल्या आयला काय सांगू? बाबानं एकदा बोलावला आनि मी गेलो न्हाय? मी सगल्यांना सांगितला, पाटा आपटला. तो पाटा व्हता तवर मना पन कधी कधी पटायचा. रोज वाजायचा ना. कुठं पन वाजायचा. मी म्हनायचो, त्या दिवशी पन तसाच वाजला असंल. आता वाजत न्हाय."

तो कधी रडत नाही, तेव्हाही रडला नाही. रडले मी. आणि दुःखाने नाही, आधी रागाने. मला बाबांचा इतका राग आला, इतका, की ते समोर असते तर मी त्यांना धरून गदागदा हलवलं असतं. छातीत कळ आली म्हणून एकदा दांडका आपटला. पोरगा थांबला. आणि मग काय आठवलं म्हाताऱ्याला? बर्फ वितळेल. मार्केटातल्या लिलावाची वेळ जाईल. म्हणून दोनदा आपटला. चल. मरायला टेकलेल्या माणसाने हातातल्या दांडक्याने पोराला सांगितलं, माझ्यासाठी थांबू नको. आणि पोरगा इतकी वर्षं त्याच्यासाठी रोज थांबतोय. मी पदर तोंडात कोंबला. मीच हट्टाने तो पाटा काढायला लावला होता, याच्या अंगावरचं शेवटचं पांघरूण काढल्यासारखा.

"त्यांनी सांगितलं म्हणून गेलास," मी म्हटलं. "तांडेलाने सांगितलं म्हणून गेलास. तुझं काय चुकलं त्यात?"

"तुला वाटतं तसं?"

"वाटतं," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. पण माझा आवाज नीट निघाला नाही, आणि त्याने तो ऐकला.

त्याने गाडी सुरू केली. राई आली, आमच्या घराचं वळण आलं, त्याने तिकडे बघितलं नाही, मीही बघितलं नाही. मला सारखं वाटत होतं की आपण तोच प्रवास करतोय. मागे मान वळवली तर मांडीवर दांडका ठेवून ते बसलेले असतील आणि पुढे बसलेल्या आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नसेल. मी मान वळवली नाही. शेवटपर्यंत वळवली नाही. रस्ताभर गाडी कुठेही वाजली नाही आणि तो कुठेही थांबला नाही. त्यानंतर आजपर्यंत थांबलेला नाही. आईला आम्ही काही सांगितलेलं नाही.

मार्केटात गाडी लागली. बाया टब उतरवून घ्यायला आल्या. त्यातली एक म्हातारी, बाबांच्या वेळपासूनची, बर्फात हात घालून बघत होती. खूश होऊन भावाला म्हणाली, "आज लय दिवसांनी वेळेवर आलास रं बाबा. बर्फ बघ, तसाच्या तसा."

भावाने माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला तो दिवस आठवला. शाळेच्या ऑफिसातून मला बोलावून आणलं होतं, मी रिक्षातून उतरून इथेच धावत आले होते. हौद्यात बाबांच्या अंगावर कुणीतरी चादर घातली होती, आणि हीच म्हातारी माझा हात धरून, काहीतरी बोलायला हवं म्हणून, डोळे पुसत हेच सांगत होती. माल अगदी वेळेवर पोचला, बाय. एकाही टबातला बर्फ वितळला नव्हता.